चंद्रकलाताई सोशिक नव्हत्या

चंद्रकलाताई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, वैशालीने केला, तेव्हा मी नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये एक जॉब, म्हणजे कामाला आलेला यंत्राचा भाग, मोजत उभा होतो. दशक्रियेला गेलो तर चौकातल्या फलकावर त्यांच्या फोटोखाली लिहिलं होतं, ‘शांत, सोशिक, मनमिळाऊ’. तिन्ही शब्द चुकीचे. महिना होत आला तरी तो फलक डोक्यातून जात नाही...

ताई खर्ड्याजवळच्या वस्तीवरच्या. आईवडील ऊसतोडीला जायचे. ही मुलगी हट्टाने चुलत्याकडे राहून शिकली, आयटीआय करून आमच्या जुन्या कंपनीत लागली. तिथे प्लाझ्मा स्प्रेचं काम चालायचं. पंपांचे भाग लवकर झिजू नयेत म्हणून भयंकर तापलेल्या वायूच्या झोतात धातूची आणि सिरॅमिकची पावडर वितळवून त्यांच्यावर फवारायची. पोस्टकार्डाएवढीच जाड, पण अतिशय कठीण कातडी चढते. कान बधिर करणारा आवाज, डोळे दिपवणारा उजेड. बाईमाणसाला फवारायची गन मिळणार नाही, असं त्यांना साहेबांनी सांगितलं होतं. ताई आपली शिफ्ट संपली की फवारणीच्या बंद खोलीच्या, बूथच्या, काचेबाहेर रोज दोन तास उभ्या राहायच्या. शेवटी जुन्या ऑपरेटरनेच गन त्यांच्या हातात दिली, आणि दोन वर्षांत अवघड जॉब त्यांच्याकडेच जाऊ लागले.

मी तिथे तपासनीस होतो. एका पावसाळ्यात, गाळप हंगामाच्या तोंडावर, साखर कारखान्याच्या पंपाच्या स्लीव्ह आल्या. स्लीव्ह म्हणजे दांड्यावर बसणारी पोलादी नळी. फवारण्याआधी ती वाळूसारख्या खड्यांच्या माऱ्याने खरखरीत करतात आणि लगेच फवारतात. या स्लीव्ह मात्र दमट हवेत दोन दिवस पडून तांबूस झाल्या होत्या, आणि गंजावर ही कातडी धरत नाही. ताईंनी पुन्हा ब्लास्टिंग, म्हणजे तो खड्यांचा मारा, मागितलं. साहेबांना घाई होती. ताईंनी गन खाली ठेवली, तेव्हा साहेबांनी दुसऱ्याकडून काम करून घेतलं, आणि तपासणीच्या कागदावर सही केली मी.

गाडी भरताना ताई आल्या. एक स्लीव्ह उचलून टेबलावर ठेवली, काठाला छिन्नी लावून हातोडीचा एकच ठोका दिला. तळहाताएवढा पोपडा निघून माझ्या पायाशी पडला. सगळे बघत होते.

“तुमाला दिसत हुतं,” त्या म्हणाल्या. “मंग सही कशी केली?”

मी वाकून तो पोपडा उचलला.

गाडी थांबली, सगळ्या स्लीव्ह पुन्हा केल्या गेल्या. शिक्षा ताईंना झाली. त्यांना पॅकिंगला बसवलं, म्हणजे कंटाळून राजीनामा देतील. त्यांनी तो दिला नाही. आठ महिने खोकी बांधली, आणि बांधताना जे कोटिंग पटलं नाही ते बाजूला काढून ठेवलं. राजीनामा दिला तो स्वतःची शेड घेतल्यावर, जुनी गन विकत घेऊन. पुढे मीही त्यांच्याकडे काम मागायला गेलो.

“या,” म्हणाल्या, “पण इथं मी सांगितलं तरी खोटी सही करायची न्हाई.”

आजार कळल्यावर डॉक्टरांनी घरी राहायला सांगितलं. वैशालीने हात जोडले. ताई केमोच्या दुसऱ्या आठवड्यात डोक्याला रुमाल बांधून बूथबाहेर खुर्ची टाकून बसल्या आणि आत गन धरलेल्या वैशालीच्या चुका काढत राहिल्या. सोशिक माणसं अशी नसतात.

गेल्या आठवड्यात एक जुनी स्लीव्ह पुन्हा फवारायला आली. कितीतरी हंगाम चाललेली. उलटी करून पाहिली तर आतल्या काठाला बारीक ‘चं’ कोरलेला. ताई आपल्या हातच्या प्रत्येक जॉबवर ते अक्षर कोरायच्या. वरची कातडी झिजून पातळ झाली होती, पण एकही पोपडा नव्हता. मी छिन्नी लावून पाहिली. काहीच निघालं नाही.

नवं चढवायला जुनं काढावंच लागतं. वैशालीने ती ब्लास्टिंगला घेतली, तेव्हा आतल्या अक्षरावर जाड टेप चिकटवली आणि बोटाने दोनदा दाबून बघितली. तेवढ्या जागेला खडा लागणार नाही.