घरचं माणूस

“आधी घरचं माणूस आण, मग भट्टीजवळ जा.” नव्या अप्रेंटिसला भाऊ पहिलं वाक्य हेच ऐकवायचे.

नरोलीच्या बाजूला लोखंड ओतून यंत्रांचे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथे शिकाऊ मुलांचं सगळं भाऊंकडे होतं आणि सिल्वासातल्या कॉलेजातून मुलं पाठवणारा मास्तर मी. वर्ग आमचे, काम त्यांचं, असा करार होता. त्यात आईबापांचा उल्लेख कुठेही नव्हता.

मी चिडायचो. “भाऊ, ही काय बालवाडी आहे?”

भाऊ जळगावकडचे. म्हणायचे, “पोरगं दिवसभर कुठे असतं ते घरी कळायला पाहिजे ना भो!”

मग सिल्वासाच्या आमली भागातून, नरोलीच्या भाड्याच्या खोल्यांतून आया यायच्या. अंबाड्यावर हेल्मेट बसायचं नाही. “माय, अंबाडा जरा खाली घ्या, आज लग्नाला नाही चाललो आपण,” भाऊ म्हणायचे. बाई हसायची. मग ते तिला लांबून वितळलेलं लोखंड दाखवायचे, मुलगा कुठे उभा राहणार ती जागा दाखवायचे आणि कँटीनमध्ये चहा पाजायचे. तुम्ही पाहायला हवे होते ते चेहरे. येताना एक, जाताना निराळाच.

एका वर्षी माझ्या वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीचा बाप अडून बसला. धुळ्याकडचा, सूतगिरणीत कामाला. “भट्टीवर पोरगी? नाव काढा तिचं.” मी मनातून आशा सोडली होती. भाऊ म्हणाले, “नुसतं चहाला आणा त्यांना.”

बाप आला. भट्टीकडे बराच वेळ बघत राहिला. “ती इथे उभी राहील,” भाऊंनी दाखवलं, “आणि मी हा इथे.” बापाने कठड्यावर हात ठेवला. हळूच म्हणाला, “बूट चांगले द्या तिला.”

त्या दिवशी चहा पिताना मी भाऊंना विचारलं, हे खूळ आलं कुठून?

“माझी माय शेवटपर्यंत गावात सांगायची, पोरगा हापिसात बसतो. घाबरेल म्हणून मीच तसं सांगितलेलं. हातावरचे चट्टे बघून विचारायची, हे कसले रे? मी म्हणायचो, डास चावले.” मग बशीत बघत म्हणाले, “तिला एकदा आणायला पाहिजे होतं भो.”

मागच्या हिवाळ्यात भाऊ गेले. नवे साहेब चांगले आहेत, पण सुरक्षेसाठी बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. त्यांचंही चुकत नाही. तरी फाटकापाशी गेलो की मला भाऊंवाचून करमत नाही.

यंदा मुलांना सोडायला गेलो, तर एकाची आई बरोबर आलेली. “माताजी, आगे नहीं जाना,” वॉचमन म्हणाला. मुलगा आत गेला. ती पत्र्याच्या उंच शेडकडे बघत राहिली.

“गुरुजी, आत नेमकं काय करणार तो? भाजणार तर नाही ना?”

“छे हो,” माझ्या तोंडून निघून गेलं, “आत सगळं हापिसासारखंच आहे.”

ती ‘बरं’ म्हणाली आणि रिक्षाकडे वळली. भाऊ, तेव्हा तुम्ही हवे होतात.