पोस्टकार्डावरचा सारांश

शाळेत सारांशलेखनात मला पैकीच्या पैकी गुण मिळत. उतारा एक तृतीयांश करायचा, गाभा ठेवायचा, पाल्हाळ काढून टाकायचा. पुढे खानदेशातून सुरतेला आलो, भेस्तानच्या डाइंग मिलमध्ये लागलो, तरी ती हुशारी अंगातून गेली नाही.

सुरतेतल्याच गोडादऱ्यात आम्ही एका खोलीत राहायचो, आई आणि मी. ताई गावाकडे सासरी. आईला लिहिता येत नव्हतं. पगारानंतरच्या सुटीला ती स्टोव्हवर दूध आटवायला ठेवी, मला पोस्टकार्ड घेऊन बसवी आणि ढवळता ढवळता ताईशी बोलावं तशी बोलत राही. शेजारणीचं बाळंतपण, नळाचं पाणी, माझा खोकला.

"माय, हे कार्ड आहे, पोथी नाही."

"मंग अक्षर बारीक काढ. मुंग्यासारखं."

शेवटी विचारी, "समदं लिखं ना?"

"हो, थोडक्यात. तुझं दूध आटतं ना, तसं."

यावर ती हसे. तिचा विश्वास बसे.

एकदा ताईचं पत्र आलं. दूध ढवळणाऱ्या आईला मी ते वाचून दाखवलं. चौथीपर्यंत शिकलेल्या ताईच्या अक्षरात एकच ओळ वेगळी होती : हे लोक मारतात. आईचा हात थांबला. दूध खाली लागलं, खोलीभर करपट वास पसरला.

"लिख. कोनले इचारू नको, निंघी ये. गाडीमा बस. हाई घर तुन्हं शे."

मी लिहिलं : 'तुझे पत्र मिळाले. तब्येतीला जप. सर्वांशी मिळून राहा. इकडे सर्व ठीक.'

कार्ड उघडं असतं, सासरचे वाचतील, अशी मी मनाची समजूत घातली. ते खोटं नव्हतं. पण त्याच पोस्टात बंद अंतर्देशीय पत्रही मिळत होतं. खरं कारण वेगळं होतं. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, खोली एकच होती, आणि बहीण माहेरी परतली तर मुलीकडचे काय म्हणतील, याची मला भीती होती. आईने ते वाक्य पुढे आणखी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी ते गाळलं. दूध आटताना निदान पाणीच जातं.

दीड वर्षाने ताई सासरीच वारली. कावीळ, असं ते लोक म्हणाले. तिच्या पेटीत माझी सगळी कार्डं सुतळीने बांधलेली सापडली. आईने ती माझ्यापुढे ठेवली.

"वाच."

एकेका कार्डावर चारच ओळी होत्या. मी मात्र आईने सांगितलेलं सगळं, आठवेल तसं, वाचत गेलो. शेजारीण, नळ, खोकला, आणि मग : कोनले इचारू नको, निंघी ये.

आई मान हलवत होती. "हा, असंच सांगेल व्हतं मी." मग म्हणाली, "मंग ती का नही आली रे?"

मी कार्ड उलटं केलं. मागे ताईचा पत्ता होता, माझ्या वळणदार अक्षरात. आई वारली तोपर्यंत मी तिला उत्तर दिलं नाही.