दादाची अर्धी शेड

ज्या कारखानदाराची शेड आम्ही दोघा भावांनी उभी केली, त्याने माझ्या थोरल्या भावाला फसवलं. मला नाही. हे आधीच सांगतो, कारण भोपाळच्या धंद्यात सगळ्यांचा समज असा आहे, की काम हातचं गेलं म्हणून मी त्याच्या नावाने बोटं मोडतो. कामं माझी पुष्कळ गेली आहेत, आणि दुसऱ्यांची मीही पळवली आहेत. त्याचं मला काही वाटत नाही.

वडील नोकरीसाठी महाराष्ट्रातून इथल्या सरकारी कारखान्यात आले. दादा शिकला आणि त्याच कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला लागला. मी शिकलो नाही. कुंपणाचे सिमेंटचे खांब आणि गटारावरची झाकणं ओतून विकायचो, त्यातूनच शहराबाहेर माझं प्रीकास्टचं यार्ड झालं. कॉलम, बीम, भिंतीची पॅनलं, सगळं यार्डातच साच्यात ओतायचं, पक्कं झालं की ट्रेलरवर घालून न्यायचं आणि क्रेनने जागेवर जुळवायचं. दादा म्हणायचा, "विटांच्या कामात चूक झाली तर गवंडी जागेवर सावरून घेतो. आपली चूक घरूनच निघते आणि ट्रेलरवर बसून वाजतगाजत जाते."

त्याने नोकरीभर इमारतींचे तुकडे काढले. कुठला जिना, कुठल्या मशीनचा पाया. खाली सही नेहमी वरच्या साहेबाची. निवृत्त झाल्यावर शाहपुऱ्यातल्या घरी त्याने खिडकीशी ड्रॉइंग बोर्ड लावला. पंप बनवणाऱ्या या कारखानदाराची शेड ही अथपासून इतिपर्यंत त्याची अशी पहिली इमारत.

व्यवहार कारखानदाराच्या एम. पी. नगरच्या ऑफिसात ठरला. त्याला सध्या अर्धीच शेड हवी होती, उरलेली अर्धी धंदा वाढल्यावर. दर मात्र त्याला पूर्ण शेडच्या हिशेबाने, म्हणजे कमी, हवा होता. मी म्हटलं, शेड अर्धी होते, साचे अर्धे होत नाहीत. तो म्हणाला, "बाकी आधा भी तो आप ही करोगे."

"मग तसं लिहून द्या."

तो माझ्याकडून दादाकडे वळला आणि हसला. "लिखना क्या है भाईसाहब, दादा ने तो सीमेंट में लिख रखा है."

ते खरंच होतं. ड्रॉइंगमध्ये शेडच्या पूर्वेकडच्या टोकाला जे कॉलम होते, त्यांच्या बाहेरच्या अंगालाही दादाने ब्रॅकेटं काढली होती. ब्रॅकेट म्हणजे कॉलममधून पुढे आलेला काँक्रीटचा आखूड हात. बीम त्यावर टेकतो. टोकाची भिंतही त्याने कायमची केली नव्हती, पॅनलं बोल्टने कसायची होती. पुढे शेड वाढवायची झाली की बोल्ट काढायचे, पॅनलं उतरवायची, नवे बीम त्या हातांवर ठेवायचे. आतली मशीनं तोवर चालूच. कारखानदार हे सगळं समजल्यासारखं बोलला तेव्हा दादाचा चेहरा असा उजळला, की वांगंसुद्धा दाबून बघितल्याशिवाय न घेणाऱ्या मी कागदाचा हट्ट सोडला. चहा गार झाला होता, तो प्यालो आणि हात मिळवला. कागद फाडता येतो, काँक्रीट कोण फाडणार, असा हिशेब मीही मनात केला.

शेवटचा कॉलम उभा राहिला त्या दिवशी क्रेनवाला खाली उतरून त्या ब्रॅकेटांकडे बघत म्हणाला, "दादा, ये हाथ किससे मिला रहे हो? उधर तो बबूल खड़ा है."

"जो आएगा, उससे," दादा म्हणाला.

पुढची वर्षं दादा त्या न बांधलेल्या अर्ध्यातच राहिला. दुपारी बोर्डावर तेच काम. सांधा सोपा कर, पॅनल हलकं कर, छपराचं पाणी दुसरीकडून काढ. कधी रविवारी डबा घेऊन वहिनीलाही तिथे घेऊन जायचा. वहिनी मला म्हणायची, "भाऊजी, लोक बायकोला मोठा तलाव दाखवतात. आमच्या नशिबी ब्रॅकेटं." पण डबा तीच भरायची, आणि बाभळीच्या सावलीत सतरंजी पसरून तीही मान वर करून बघत बसायची.

मग एकदा कारखानदाराचा दादाला फोन आला. मला नाही, दादाला. दुसऱ्या टप्प्याचं बघायचंय, ड्रॉइंग घेऊन या, म्हणाला. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला. तिथे काही तरुण इंजिनिअर बसले होते. पाया किती खोल नेलाय, कुठलं पॅनल आधी सोडवायचं, कुठलं शेवटी, भिंत उघडी असताना छपराला आधार कुठे द्यायचा, हे सगळं दादाने त्यांना समजावलं. ड्रॉइंगची गुंडाळी त्यांच्याकडेच ठेवून आला. निघताना कारखानदार जिन्यापर्यंत पोचवायला आला आणि दादाच्या पाया पडला.

दादा घरी येताना जिलबी घेऊन आला. "पोरं हुशार आहेत," मला म्हणाला. "नीट ऐकून घेतात. माझ्या हाताखाली काम करतील."

मी साचे घासून तेल लावायला काढले आणि बोलावण्याची वाट बघत बसलो. काही आठवड्यांनी दुसऱ्या कामासाठी त्या रस्त्याने जात होतो. बाभूळ गेली होती. तिच्या जागी लोखंडी खांब उभे होते, नट-बोल्टवाली तयार स्टीलची शेड. दादाची पॅनलं एका बाजूला ओळीने टेकवून ठेवलेली, आणि एक माणूस मचाणावर बसून काँक्रीट कापायच्या यंत्राने ब्रॅकेट कापत होता. स्टीलच्या खांबांना त्यांची अडचण होत होती. मी मुकादमाला विचारलं, भिंत इतकी अलगद कशी काढलीत? तो सहज म्हणाला, "एक बुज़ुर्ग आए थे सेठ के यहाँ, उन्होंने हमारे साहब लोगों को समझा दिया. नहीं तो तोड़नी पड़ती."

तिथून सरळ एम. पी. नगर गाठलं. कारखानदाराच्या टेबलावरची काच माझ्या हातून फुटली, आणि तिचं मला अजून वाईट वाटत नाही. तो म्हणाला, स्टील लवकर उभं राहतं, धंदा आहे, आप भी यही करते. मी म्हटलं, करतो. काम कोणालाही द्या. पण दादाला का बोलावलंत?

त्याने बाहीवरचे काचेचे तुकडे झटकले. मग म्हणाला, "उनको अच्छा लगा ना?"

मी घरी काही सांगितलं नाही. दादा विचारायचा, "काय रे, अजून कळवलं नाही त्याने?" मी म्हणायचो, बँकेचं अडलंय. एके दिवशी तो मला न सांगता बस पकडून गेला. संध्याकाळी परत आला, पाय धुतले, आणि वहिनीला आणि मला इतकंच म्हणाला, "पॅनलं सगळी शाबूत निघाली. एकाचाही कोपरा गेला नाही."

त्यानंतर बोर्डावर वहिनी वाळलेले कपडे ठेवायला लागली. 

पुढच्या हिवाळ्यात दादा गेला. हृदय आधीपासूनच कमजोर होतं. त्या शेडमुळे गेला असं मी म्हणत नाही. नसलेला भाव चढवून सांगायची माझी सवय नाही. पण शेवटची दुपार आठवते. खिडकीशी बसून तो हात पुढे धरून बघत होता, आणि मी काय झालं विचारलं तर म्हणाला, "कापताना सळी उघडी पडली असेल. रंग तरी लावला असेल का रे? गंजेल."

कारखानदार भेटायला आला होता. दादाच्या फोटोसमोर खुर्चीवर बसला, "मेरे पिता समान थे" म्हणाला. वहिनीने त्याला पाणी दिलं, चहा दिला. तो गेल्यावर कप उचलताना मला म्हणाली, "भाऊजी, काम दुसऱ्याला दिलं ते समजलं. ती इंजिनिअर मुलं स्टीलवाल्यांचीच होती तेही समजलं. पण हा ह्यांच्या पाया का पडला होता?"

  काम मला नको, कापलेले हात परत जोडता येत नाहीत हेही मला कळतं. पण त्या दिवशी जिन्यावर वाकताना त्याच्या मनात काय होतं, ते त्यालाच ठाऊक आहे. वहिनी दुपारी घरीच असते. त्याने शाहपुऱ्याला यावं, त्याच खुर्चीवर बसावं, आणि तिच्या तोंडाकडे बघून तिला सांगावं.