हातानेच आवळलेला बोल्ट

कसबा पेठेत तांबट आळीच्या मागच्या बोळात साईनाथचं गॅरेज आहे. बोळ इतका अरुंद, की आत चारचाकी घालायची तर समोरच्या गिरणीवाल्याला आपली सायकल उचलून पिठाच्या डब्यांशेजारी ठेवावी लागते. माझी लूना तिथंच दुरुस्त होते. मंडईतून भाजी घेऊन येताना गाडी तिथं सोडायची, बाकावर टेकायचं आणि साईनाथच्या बायकोनं, पद्मजानं, चहा आणून द्यायचा, असा आमचा परिपाठ आहे.

साईनाथ माझा विद्यार्थी. अभ्यासात बेताचा, पण वर्गातलं दाराचं कुलूप अडकलं की सगळे त्यालाच हाक मारत. त्याची एक खूण मला तेव्हापासून माहीत आहे. खोटं बोलायची वेळ आली की त्याच्या हाताला काहीतरी पुसावंसं वाटे. गृहपाठ विचारला की हा कोरडी ठणठणीत पाटी शर्टाच्या बाहीनं पुसत उभा राही.

गॅरेज त्याच्या वडिलांचं. दत्तोबांच्या काळात रस्त्यावर दोन-तीन जातींच्या मोटारी असत आणि त्या सगळ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. दत्तोबा देवभोळे नव्हते, पण खंडेनवमी कडक पाळायचे. त्या दिवशी सगळे पाने, हातोड्या, पकडी रॉकेलनं धुवून लाल कापडावर मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा. एकदा पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळी उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही. कोणी घाईचं गिऱ्हाईक आलं तर दत्तोबा म्हणत, "वर्षभर ही राबतात. आज ती बसलीत. तुम्हीही बसा." वडील गेल्यावर साईनाथनं ही रीत तशीच चालू ठेवली.

मग हिंजवडीला कंपन्या आल्या, रस्त्यावर नाना देशांच्या गाड्या दिसू लागल्या, आणि एके दिवशी शुभंकर आला. मूळचा अकोल्याचा, संगणकाच्या कंपनीत नोकरीला, अंगानं काटकुळा, बोलताना चष्मा सारखा वर सरकवणारा. त्यानं कोणा परदेशी निघालेल्या माणसाकडून दोनच माणसांची, बुटकी, लाल जपानी गाडी विकत घेतली होती. ती बोळात शिरली तेव्हा गिरणीवाला म्हणाला, "अर्धी गाडी मागं राहिली का हो साहेब?"

शुभंकरला ती शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची होती. कोइमतूरकडे तसा ट्रॅक आहे, हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन तिथं जातात, हे मला तेव्हाच कळलं. आणि त्यासाठी तिला सुपरचार्जर बसवायचा होता.

"म्हणजे काय रे?" मी साईनाथला विचारलं.

"बाई, आपल्या तांबट आळीतला भाता बघितलाय ना? फुंकला की निखारा फुलतो. तसा हा इंजिनाचा भाता. इंजिनच पट्ट्यानं त्याला फिरवतं, तो जास्त हवा आत कोंबतो, जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जळतं आणि गाडी सुसाट."

"मग आधीची काय रांगत होती?" पद्मजा म्हणाली.

तो सबंध पावसाळा साईनाथ त्या गाडीत बुडालेला होता. त्यानं आतला एसी काढला, गालिचे काढले, वजन उतरवलं. उलटली तर माणूस चिरडू नये म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवला. ब्रेक बदलले. परदेशातून खोक्यात आलेला सुपरचार्जर त्यानं तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढला. शुभंकर शनिवार-रविवार येऊन उकिडवा बसे आणि मिळेल तो बोल्ट धुवे. त्याचे वडील हिंमतराव एसटीत नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना हे खूळ अजिबात मान्य नव्हतं. "पप्पा म्हणून राहिले, तुला साधी सायकल नीट चालवता येत नव्हती, शर्यत काय करतो," असं तो हसत सांगे, पण ते त्याला लागलेलं दिसे. ट्रॅकवर एक दिवस नीट गाडी चालवून त्याला वडिलांना फोन करायचा होता. खरं सांगायचं तर ती गाडी त्या एका फोनसाठी बनत होती.

खंडेनवमीच्या सकाळी शेवटची चाचणी झाली, भात्याची बारीक शीळ बोळभर घुमली. पट्टा किंचित ओरडत होता, म्हणून साईनाथनं नवा घातला. पट्टा ताणून धरणारी एक छोटी पुली असते. तिचा बोल्ट त्यानं हातानं आवळला आणि शेवटची आवळणी द्यायला टॉर्क पाना शोधू लागला. हा पाना बोल्ट ठरावीक ताकदीनं आवळला गेला की टक् असा वाजतो, म्हणजे अंदाजाचं काम राहत नाही. पाना पद्मजानं धुवून लाल कापडावर मांडला होता आणि कुंकू लावत होती.

"तो दे जरा."

"पूजेतला?" तिनं नुसतं वर बघितलं.

साईनाथनं विचार केला, गाडी परवा जाणार आहे. उद्या संध्याकाळी उत्तरपूजा झाली की आवळू. हात धुवून तो पूजेला बसला.

पण गाडी परवा गेली नाही. दसऱ्याच्याच सकाळी शुभंकर मोठा उघडा ट्रक घेऊन चौकात हजर. कोणी मित्रानं त्याला सांगितलं होतं, निघायचंच तर मुहूर्त का सोडतोस. सगळी आळी जमली. मीही होते. गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, पद्मजानं ओवाळलं. साईनाथ नवा शर्ट घालून बॉनेट उघडून उभा होता आणि येईल त्याला भाता समजावून सांगत होता. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. गाडी ट्रकवर चढली, शुभंकरनं सगळ्यांना सोनं दिलं, साईनाथच्या पाया पडला आणि गेला.

संध्याकाळी उत्तरपूजा करून साईनाथ एकेक हत्यार पुसून जागेवर लावू लागला. टॉर्क पाना हातात आला. त्याच्या आकड्यांवर कुंकू बसलं होतं. ते पुसता पुसता त्याला आठवलं.

पुढचं मला त्यानंच नंतर सांगितलं. त्याच्या खिशात मोबाइल होता. ट्रक अजून वाटेत होता. ट्रॅकवर पोचल्यावर कोणीही साध्या पान्यानं तो बोल्ट आवळू शकला असता, एवढं सोपं काम. त्यानं नंबर काढला. मग त्याच्या डोळ्यांसमोर सकाळची गर्दी आली, पाया पडणारा शुभंकर आला. आता फोन करून काय सांगायचं, बोल्ट सैल ठेवून गाडी दिली? दत्तोबांच्या मुलानं? त्यानं मेसेज लिहिला, 'पट्टा एकदा चेक करा'. मग वाटलं, तो विचारेल, का? मेसेज पुसून टाकला. हातानं चांगला आवळलाय, तेवढा टिकेल, आणि ट्रॅकवर उतरण्यापूर्वी शुभंकर सगळं तपासेलच, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. पद्मजा दारात उभी राहून हे बघत होती. तिनं फक्त विचारलं, "कोणाला करताय?"

"कोणाला नाही," म्हणून तो पाना पुसत राहिला.

बोल्ट टिकला नाही. ट्रॅकवर सकाळच्या फेऱ्या उत्तम झाल्या. दुपारी पुली ढिली होऊन पट्टा उडाला. त्याच पट्ट्यावर इंजिनात पाणी खेळवणारा पंपही होता, तो थांबला. पिंजऱ्यात बांधलेल्या, पहिल्यांदाच इतक्या वेगानं जाणाऱ्या शुभंकरला गाडीची ताकद कमी झालेली जाणवली, पण आपणच गिअर चुकीचा टाकला असेल असं वाटून तो दामटत राहिला. तापमानाची सुई त्यानं बघितलीच नाही. सगळ्यांसमोर पांढऱ्या वाफेत गाडी थांबली. माणसाला काही झालं नाही, इंजिनाचं वरचं डोकं मात्र वाकलं.

ट्रक परत आला तेव्हा बॉनेटवर झेंडूच्या हाराचा दोरा तेवढा उरला होता.

"साईदादा, माझंच चुकलं," शुभंकर म्हणाला. "काहीतरी उलटसुलट करून बसलो मी. पट्टा उडाला."

आणि साईनाथ म्हणाला, "सुई बघायला नको का साहेब? सुई कशासाठी दिलीय?"

मी बाकावर होते. साईनाथच्या हातात फडकं होतं आणि तो एक स्वच्छ पाना पुसत होता. मला वाटलं, गाडीचं दुःख झालं असेल.

त्यानं इंजिन दुरुस्त केलं आणि मजुरी घेतली नाही. शुभंकरला तो त्याचा मोठेपणा वाटला. अकोल्याहून येताना त्यानं संत्रा बर्फीचा खोका आणला. तो खोका बरेच दिवस गॅरेजच्या फळीवर तसाच होता. शेवटी मुंग्या लागल्यावर पद्मजानं उचलला. "मुंग्यांना तरी लाज वाटत नाही," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी शुभंकर पुन्हा आला. गाडी वर्षभर सोसायटीत आच्छादनाखाली उभी होती. तिला गिऱ्हाईक मिळालं होतं, पण त्या गिऱ्हाइकाला गाडी मूळ होती तशी हवी होती.

"सुपरचार्जर काढून टाका साईदादा. पिंजराही काढा. माझं काम नाही ते."

"एकदा चुकतं हो कोणाचंही," मी म्हटलं.

"नाही बाई. मी पप्पांना सांगूनही टाकलं, तुमचंच बरोबर होतं. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं."

साईनाथ बॉनेटखाली वाकला होता. त्यानं पट्ट्याच्या पुलीला पाना लावला. तोच बोल्ट. त्याला तो फिरवेना. पद्मजा चहा घेऊन आली, तिनं एक कप मला दिला, एक शुभंकरला दिला, आणि कपाकडे बघतच म्हणाली, "यांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय. वर्षभर सांगायचंय. आज नाही सांगितलं तर मी सांगीन, आणि ते बरं दिसणार नाही."

साईनाथ सरळ झाला. पाना त्यानं खाली ठेवला. मग सगळं सांगितलं, पूजेतल्या टॉर्क पान्यापासून पुसलेल्या मेसेजपर्यंत. सांगताना तो शुभंकरकडे नाही, त्याच्या बुटांकडे बघत होता.

शुभंकरचा चष्मा नाकावर घसरला होता. तो त्यानं वर सरकवला नाही.

"फोन होता तुमच्याजवळ?"

"होता."

"माझा नंबर?"

"होता."

"मग?"

"लाज वाटली साहेब."

"तुम्हाला एक संध्याकाळ लाज वाटली," शुभंकर म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मला वर्षभर वाटून राहिली ना ती. आरशात बघायची."

शुभंकरनं उघड्या बॉनेटखाली बघितलं.

"सुई मी बघितली नव्हती, तेही खरंच ना?"

"खरंय. पण तुमच्यावर सुई बघायची वेळ माझ्यामुळे आली."

शुभंकरनं चहाचा कप बाकावर ठेवला. भरलेलाच होता. "काही काढू नका," तो म्हणाला. "बॉनेट लावा." पद्मजानं त्याला थांबायला सांगितलं, तर तिला तेवढं "येतो वहिनी" म्हणाला. साईनाथला काही म्हणाला नाही. गिरणीवाल्यानं सायकल उचलून आत घेतली आणि गाडी उलटी बोळाबाहेर गेली.

ती त्यानं विकली नाही, एवढं पुढं कानावर आलं. भोसरीच्या एका गॅरेजात त्यानं सगळं पुन्हा तपासून घेतलं. साईनाथकडे तो आला नाही. साईनाथनं दोनदा फोन केला, उचलला गेला नाही, तेव्हा त्यानं करणं सोडलं. "उचलायचं नाही हा त्यांचा हक्क आहे," असं तो मला म्हणाला.

खंडेनवमी आजही त्या गॅरेजात कडक पाळतात. फक्त टॉर्क पाना पूजेत मांडत नाहीत. त्याला कुंकवाचं बोट लावून तो खिळ्यावर टांगलेला असतो, आणि गाडी बाहेर जाण्यापूर्वी साईनाथ गिऱ्हाइकाला शेजारी उभं करून टक् ऐकवतो. कोणी विचारतंच, हा एकटा वर का? मग तो सगळी गोष्ट सांगतो, आपलं नाव घालून. पहिल्यांदा सांगताना जसा जमिनीकडे बघत होता तसाच अजून बघतो. गिऱ्हाइकं अवघडतात, एखादं परतही जातं. पद्मजा म्हणते, "आता पुरे. लोकांना गाडी दुरुस्त करून हवी असते, कीर्तन नको असतं." पण तिचा आवाज पूर्वीसारखा धारदार नसतो. आणि ती गोष्ट सांगताना त्याचे हात रिकामे असतात. मी मुद्दाम बघते.

गेल्या दसऱ्याला मी लूनाला हार घालायला गेले होते. गप्पा चालल्या असताना शनिवारवाड्याच्या बाजूनं एक बारीक, चढत जाणारी शीळ आली. तोंडची शिट्टी नव्हे, कोणी कापड ताणून फाडावं तसा सलग आवाज. बोळाच्या तोंडावरून क्षणभर लाल रंग सरकला. थांबला नाही.

साईनाथ उभा राहिला होता. आवाज पार विरेपर्यंत मान तिरकी करून ऐकत होता.

"पट्टा जराही ओरडत नाही," तो म्हणाला. "चांगला बसवलाय कोणीतरी."

मग तो माझ्या लूनाची साखळी बघायला खाली बसला.