बाबांचा नंबर

मी भित्री भागूबाई आहे, हे आमच्या घरात सर्वांना मान्य आहे. त्यामुळे सिंगापूरला माझ्या बहिणीला बाळ झालं आणि मी दोन्ही मुलांना घेऊन एकटीच तिच्याकडे जायचं ठरवलं, तेव्हा विचुंब्यातल्या आमच्या सोसायटीत ती बातमीच झाली. नवरा जहाजावर नोकरीला. तो तेव्हा भर समुद्रात होता, फोनला रेंज नाही, अधूनमधून एखादी ईमेल. सासूबाई उरणकडच्या. मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "नवरा दर्यावर नी तू पोरांना घेऊन परदेशात? आमी मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचमदी चढताना पन पोरांचा हात कंदी सोडला नाय."

मी हसले, पण ते वाक्य पोटात जाऊन बसलं.

मला मुख्य धास्ती होती ती विमानतळावरच्या साहेबांची. वडिलांशिवाय मुलांना देशाबाहेर नेणारी बाई बघून त्यांना वाटलं, ही मुलांना पळवून नेतेय, तर? नवऱ्याचं संमतीपत्र पर्समध्ये होतं, त्याची झेरॉक्स बॅगेत, दुसरी झेरॉक्स मुलीच्या दप्तरात. तरी झोपेत दचकून उठायचे.

दुसरी धास्ती मुलं हरवण्याची. धाकटा तर कडेवरच असणार होता, प्रश्न मुलीचा. ती सहा वर्षांची. मग रोज दिवा लावला, शुभंकरोती झाली, की तिच्याकडून बाबांचा मोबाईल नंबर म्हणून घ्यायला लागले. हात जोडून, पाढ्याच्या चालीत, दोन-दोन आकडे मिळून. सासूबाईही तालावर मान हलवायच्या. बाबांचाच का, असा प्रश्न कुणाला पडला नाही. आमच्या घरात नंबर म्हटलं की त्याचाच, शाळेत, गॅसवाल्याकडे, सगळीकडे. आणि मी तर सोबतच असणार होते.

मुंबईच्या विमानतळावर साहेबांनी आमच्या तिघांकडे पाहिलं. "मुलांचे वडील?" "शिपवर," मी कसंबसं म्हणाले. त्यांनी शिक्के मारले, धाकट्याकडे बघून हसले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. संमतीपत्र कुणी मागितलंसुद्धा नाही. मला इतकं हलकं वाटलं की विमानात मी चक्क झोपले.

सिंगापूरला उतरलो. बहिणीचा नवरा आम्हाला घ्यायला आला होता, पण दुसऱ्या इमारतीत. तिथे जायला छोटी रेल्वेगाडी असते, आपोआप चालणारी, ड्रायव्हर नाही. गाडी आली, दारं उघडली. तेवढ्यात धाकट्याचा बूट पडला. मुलीचा हात सोडून मी वाकले.

वर पाहिलं तर ती आत होती आणि दार बंद झालं होतं.

काचेपलीकडे तिचा चेहरा होता. ती रडत नव्हती. मी आता काय करणार, हे बघत होती फक्त. मी काचेवर थापा मारल्या, मराठीत ओरडले, "थांबवा, थांबवा!" ड्रायव्हरच नव्हता, थांबवणार कोण? गाडी गेली.

अशी भीती मी कधी अनुभवली नव्हती. मागच्या गाडीने जावं, तर ती परत इकडेच आली तर? इथेच थांबावं, तर ती तिकडे उतरून गर्दीत चालायला लागली तर? सासूबाईंचं वाक्य कानात वाजत होतं. नवऱ्याला मी काय सांगणार होते, आणि फोनच लागत नसताना कसं सांगणार होते? पुढची गाडी आली तशी मी चढले. त्या एवढ्याशा प्रवासात जे जे मनात आलं, ते इथे लिहिण्याची माझी आजही हिंमत नाही.

दार उघडलं आणि आधी तिचा आवाज ऐकू आला.

प्लॅटफॉर्मवर ती ताठ उभी होती, हात जोडून, डोळे मिटून, देवापुढे उभी राहते तशी. बाबांचा नंबर म्हणत होती. ब्याण्णव, चौसष्ट करत शेवटपर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. समोर युनिफॉर्ममधली एक बाई फोन हातात धरून वाकली होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं. मुलीला इंग्रजी आकडे येतात, शाळाच इंग्रजी आहे. पण तो नंबर तिच्या लेखी आकडे नव्हतेच, ती दिव्यापुढची प्रार्थना होती. आणि बाईला कळला असता, तरी तो फोन कुठे लागणार होता?

मी मुलीला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. त्या बाईचे आभार मानायचे होते, मला फक्त हुंदके येत होते.

टॅक्सीत बहिणीचा नवरा पुढे बसला होता, मुलगी मागे माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. झोपली असं वाटलं, तेवढ्यात म्हणाली, "आई, तुझा नंबर मला शिकवलाच नाहीस."

"अगं, मी तर तुझ्या सोबतच असते ना."

"तेव्हा नव्हतीस," ती म्हणाली.