बापूंच्या गाडीतलं लाल कासव

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतच. शुद्धलेखन चुकेल, आणि अक्षर म्हणजे बाजेवर वाळत घातलेल्या शेवया. बोलणं तर त्याहून कठीण. चार माणसं दिसली की माझा पदर तोंडाशी जातो. म्हणून बापू ड्रायव्हरबद्दल लिहून ठेवते आहे. कोणाला दाखवायचं नाही.

गाडी सुरू करायच्या आधी बापू मागे वळून विचारायचे, "कुठी जाचं?" जायचं ठिकाण एकच होतं. आमचं गाव संग्रामपूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं खारं पाणी पिऊन ह्यांच्या, म्हणजे माझ्या मालकांच्या, दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा खामगावला मशीनवर रक्त धुवून आणावं लागे. बापूंना हे ठाऊक होतं, तरी विचारायचे, कारण ह्यांना उत्तर द्यायला आवडायचं. "काशीले चाल." "आज हिच्या माहेरी घे, जवायाचा मान हाय." एकदा म्हणाले, "मुंबईले. मंत्री वाट पाहून राह्यला." बापू मोठ्या गंभीरपणे म्हणाले, "बरं भाऊ, जाता जाता खामगाव करू."

आधी बापूंची जुनी जीप होती. खड्डा आला की हे कण्हायचे, आणि डिझेलचे पैसे मागताना बापूंची मान खाली जायची. शेवटी त्यांनी जीप विकली, बायकोच्या नावचा शेगावचा प्लॉट विकला आणि विजेवर चालणारी नवी मोटार आणली. आवाज नाही, हादरा नाही. गावातले म्हणाले, "पागल झाला का बे? एवढ्यात तीन जीपा आल्या असत्या." बापू टपावर हात फिरवत म्हणाले, "बॅटरीले आठ वर्साची वारंटी हाय. आठ वर्स चिंता नाही." ओट्यावरून हे म्हणाले, "गाडीची मजा हाय. मले तं डॉक्टर आठ महिन्याची देऊन नाही राह्यला." बापू हसले, पण मग बराच वेळ काच पुसत राहिले.

श्रावणातल्या एका सोमवारी वाटेतच समोरच्या पडद्यावर लाल कासव दिसायला लागलं. ते आलं की गाडी रांगते आणि मग थांबते. हे म्हणाले, "बापू, एवढा पैसा देला अन् आतून कासव निघालं? देवळात तरी कासवाच्या म्होरं देव असते." बापूंना हसू आलं नाही. आम्ही लिंबाच्या सावलीत बसलो. उन्हं कलल्यावर अकोल्याहून कंपनीचा मेकॅनिक आला. लॅपटॉप लावून त्यानं गाडी चालू केली, माझ्या बाटलीतलं पाणी प्यायला, आणि "सॉफ्टवेअर होतं मावशी, आता नाही होणार" म्हणून निघून गेला. कागद काही दिला नाही, आम्हीही मागितला नाही.

बापू हत्याराला देव मानणारे. दसऱ्याला जीपच्या इंजिनावर कुंकू वाहायचे. ह्या गाडीचं झाकण उघडलं तर इंजिनच नाही. बायको ताट घेऊन उभी. बापूंनी विचार केला आणि चार्जिंगचं भोक उघडलं. "हिचं तोंड हेच. इथूनच जेवते." हळद, कुंकू, अक्षता, सगळं त्यांनी तिथं मनापासून वाहिलं.

दिवाळीनंतर पुन्हा कासव आलं आणि ह्या वेळी गाडी उठलीच नाही. ती ओढून अकोल्याच्या वर्कशॉपला नेली. तिथल्या साहेबांनी चार्जिंगचं झाकण उघडलं, आत कुंकू आणि तांदळाचा दाणा. "काका, ही तुमची चूक. आता वॉरंटी नाही. बॅटरी तुमच्या खर्चानं घाला." बॅटरीची किंमत ऐकून बापू खालीच बसले. म्हणाले, "साहेब, कुकू लावायच्या आधीबी बंद पडली होती ना." साहेब म्हणाले, "कागद दाखवा." बापूंनी हात जोडले, "पेशंट हाय हो माझ्या गाडीत." वॉचमननं त्यांना काचेच्या दाराबाहेर बसवलं. पुढे कितीतरी वेळा ते तसेच बसून परत आले.

मग आम्ही एसटीनं जायला लागलो. घरापासून फाट्यापर्यंत आणि खामगावला स्टँडपासून दवाखान्यापर्यंत बापू ह्यांना पाठीवर न्यायचे. "कुठी जाचं" मात्र विचारेनासे झाले. एकदा पाठीवरून ह्यांनीच विचारलं, "काऊन बे बापू, आजकाल इचारून नाही राह्यला?"

"कोन्या तोंडानं इचारू, भाऊ?"

 हे बापूंच्या खांद्यावर हनुवटी टेकवून म्हणाले, "काशीले चाल."

एसटी चुकली की मशीनची पाळी चुकायची. अंगावर सूज चढत गेली. माघात हे गेले. बापूंनी खांदा दिला आणि परत आल्यावर आमच्या दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "वयनी, म्या कुकू लावलं." माझा पदर तोंडाशी गेला.

बापूंनी कंपनीवर केलेला ग्राहकांच्या तक्रारीचा खटला बुलढाण्याला चालला. कंपनीचे वकील म्हणाले, गाडी कुंकवानंच बिघडली, त्याआधी तक्रारच नव्हती. बापूंच्या वकिलांनी मला उभं केलं.  मी म्हणाले, "गाडी आधी श्रावणात बंद पडली. मले सोमवारचा उपास होता. कुकू दसऱ्याले लावलं." कंपनीचे वकील हसले, "कशावरून?" कंपनीच्या माणसांत मागे तो मेकॅनिक बसला होता. मी पदर तोंडावरून काढला. "ह्या दादाले इचारा. माह्या बाटलीतलं पाणी पेले होते." तो उठला. साहेबांकडे न बघता म्हणाला, "हो मावशी. मीच आलो होतो." बापू ओंजळीत तोंड घालून रडले.

निकाल बापूंच्या बाजूनं लागला तरी कंपनीनं पैसे परत द्यायला आणखी खूप झुलवलं. शेवटी गाडी त्यांनी ठेवून घेतली. त्या दिवशी बापू बँकेतून तडक आमच्या ओट्यावर आले आणि बसून राहिले. पाण्याचा गडू तसाच पडून होता. मी कधी त्यांच्याशी आपणहून बोलले नव्हते. तेव्हा तोंडून निघून गेलं, "कुठी जाचं, भाऊजी?"

ते ह्यांच्या रिकाम्या बाजेकडे बघत होते.

"कुठीच नाही, वयनी. पैसे आले. पुरे आले."