जनावरांची वाट

हसनाबादच्या माळावर तीस वर्षं शेळ्या राखणारी प्रभावती लांडग्याला भीत नव्हती. ती भ्यायची कागदाला. कागद दिसला की ती वाट बदलायची. अशा बाईच्याच हातात रेल्वेवाल्यांनी पेन द्यावं, हे तिचं नशीब.

झालं असं, की नव्या लाइनचा पूल आखायला जालन्याहून आकांक्षा नावाची इंजिनियर आली. पोरगी गुणाची. माळ फार चिरायचा नाही, खांब इथल्या दगडाच्या रंगाचे ठेवायचे, रानातल्या जिवांना जायला कमानी सोडायच्या, असा तिचा विचार. तिने प्रभावतीला विचारलं, जनावरं कुठून जातात? प्रभावतीने बाभळीचा ओढा दाखवला आणि पुढे केलेल्या कागदावर घाईघाईने सही केली. आता आमच्याकडे जनावरं म्हणजे गाई-म्हशी. हरणाला हरण म्हणतात. विचारणं रानातल्या जिवांचं होतं, हे त्या बिचारीला काय ठाऊक!

महिन्याभराने शाळेत नकाशा लागला. आकांक्षाने सगळ्यांना समजावलं: ओढ्यावर कमानींचा पूल, आणि पलीकडच्या लवणात, म्हणजे त्या खोलगट पट्ट्यात, मातीचा भराव. प्रभावतीला आपली चूक उमगली. त्या लवणातूनच लांडगी पाण्यावर यायची. वरच्या कपारीत तिचं बीळ होतं, यंदा चार पिल्लं. वाट बंद झाली तर पिल्लांना घेऊन ती रुळांवरच चढणार.

बोलावं तर शेजारी दीर भुजंग बसलेला. त्याच्या तीन मेंढ्या लांडग्याने नेल्या होत्या, तेव्हापासून तो बीळ हुडकत होता. सापडलं तर धूर करून मारणार, हे गावाला ठाऊक होतं. प्रभावतीने ती कपार कधी कुणाला सांगितली नव्हती. तरी ती उठली.

"म्याडम, मी चुकले. जनावरं म्हंजी मी म्हशी सांगितल्या. हरणं लवणातून जातेत. तिथं माती टाकू नका."

"लवणात म्या तर एक हरण पाह्यलं न्हाई," भुजंग म्हणाला. "काय लपवून राह्यली, वहिनी?"

लोक हसले. आकांक्षा हसली नाही. आत्ताच जाऊन बघू म्हणाली. भुजंगही सोबत निघाला.

हरणं खरंच यायची, पण रोज थोडीच? एखादा तरी खूर उमटलेला असू दे, असं प्रभावती वाटभर देवाला विनवत होती. भुजंग बिडी पेटवायला मागे थांबला. लवणातल्या डबक्याकाठी ओला चिखल होता. आकांक्षा पुढे होऊन वाकली. प्रभावतीनेही पाहिलं. चिखलात पंजे होते, एक मोठा, भोवती बारके. खूर एकही नाही. मागून भुजंगच्या वहाणांचा आवाज जवळ येत होता.

आकांक्षाने मान वर करून प्रभावतीच्या तोंडाकडे पाहिलं, मग मागून येणाऱ्या भुजंगकडे. ती उठली आणि बुटांचे दोन्ही पाय त्या चिखलात रोवून उभी राहिली. उरलेल्या बारक्या पंजांवर प्रभावतीने आपले पाय ठेवले.

"काय हाय तिथं?" भुजंगने विचारलं.

"हरणं," आकांक्षा वही उघडत म्हणाली. "इथे भराव नको. कमानी इथेच."

तिने लिहून वही पुढे केली. या वेळी प्रभावतीने एकेक अक्षर सावकाश काढत सही पुरी केली. आणि भुजंग बांध ओलांडून दिसेनासा होईस्तोवर दोघींतली एकही त्या चिखलातून हलली नाही.